‘धर्मात्मा’ : एकनाथचरित्राचे चित्रपटरूप आणि डॉ. आंबेडकरांचा आक्षेप

१

मराठी चित्रपटाचा जन्मच मुळी जुन्या कथेच्या पुनरागमनातून झाला. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढला तो पुराणातील सर्वपरिचित आख्यानावर. आणि १९३२ साली प्रभात कंपनीने मराठीतील पहिला बोलपट काढावयाचे ठरविले तेव्हाही ‘अयोध्येचा राजा’ या नावाने तोच हरिश्चंद्र पडद्यावर परतला. मूकपटातील राजाला वाचा फुटली, एवढाच त्यातील फरक नव्हता हे खरे. परंतु कथा नवी हवी असे ना निर्मात्यांना वाटले ना प्रेक्षकांना. परिचित कथेची ओढ ही केवळ व्यवहाराची सोय नव्हे. कीर्तन, आख्यानकविता, लळित आणि संगीत नाटक या चारही परंपरांत श्रोता कथा जाणून घेण्यासाठी येत नसे. जाणलेली कथा या वेळी कोणी कशी सांगितली, हे पाहण्यासाठी येत असे. चित्रपटाने ही सवय वारशाने घेतली.

म्हणूनच अभिजात कथा व व्यक्तिरेखा पडद्यावर पुन्हा आणण्याच्या प्रश्नाचा विचार ‘मूळ कथेशी चित्रपट कितपत प्रामाणिक राहिला’ या एकाच कसोटीवर करणे अपुरे ठरते. संतचरित्राच्या बाबतीत तर ‘मूळ’ म्हणजे काय, हेच प्रथम ठरवावे लागते. संताचे स्वतःचे वाङ्मय हे मूळ, की शे-दीडशे वर्षांनी लिहिले गेलेले त्याचे चरित्र हे मूळ, की लोकांच्या तोंडी असलेली आख्यायिका हे मूळ? या तिहींत विसंवाद असेल तर चित्रपटकार कोणाची बाजू घेतो, यावर त्याच्या कृतीचा अर्थ अवलंबून राहतो. या दृष्टीने व्ही. शांताराम यांनी १९३५ साली प्रभातसाठी दिग्दर्शित केलेला ‘धर्मात्मा’ हा चित्रपट विशेष अभ्यसनीय आहे. पैठणचे संत एकनाथ त्याचे नायक होत. आणि या चित्रपटाचा नामनिर्देश करून डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यावर घेतलेला आक्षेप भारतीय विचाराच्या एका अत्यंत महत्त्वाच्या ग्रंथात नोंदला गेला आहे. छत्रपती संभाजीनगरात बसून मराठीचा अभ्यास करणाऱ्यांना ही दोन्ही नावे जवळची आहेत. नाथांची समाधी असलेले पैठण येथून काही तासांचेसुद्धा अंतर नव्हे, आणि १९५८ साली स्थापन झालेल्या येथील विद्यापीठाला दीर्घ लढ्यानंतर १९९४ साली डॉ. आंबेडकरांचे नाव जोडले गेले. एकाचे चरित्र आणि दुसऱ्याचा आक्षेप समोरासमोर ठेवून वाचणे हे या परिसराचे एक शैक्षणिक कर्तव्यच म्हणावयास हवे.

२

एकनाथांचे (परंपरेने १५३३–१५९९) वाङ्मय विपुल आहे. ‘रुक्मिणीस्वयंवर’, भागवताच्या एकादश स्कंधावरील विस्तृत टीका, ‘भावार्थरामायण’, अभंग आणि भारुडे. शिवाय १५८४ साली त्यांनी सिद्ध केलेली ‘ज्ञानेश्वरी’ची शुद्ध प्रत हे मराठीतील पाठचिकित्सेचे आद्य उदाहरण ठरते. परंतु एकनाथांचे नाव घेताच सामान्य मराठी मनापुढे जे उभे राहते ते त्यांचे ग्रंथ नव्हेत, तर काही प्रसंग होत. गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात रडणारे महाराचे मूल उचलून कडेवर घेणे; काशीहून रामेश्वरासाठी आणलेल्या कावडीतील गंगाजल तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजणे; श्राद्धाचा स्वयंपाक भुकेल्या अंत्यजांना वाढणे; राणू महाराच्या घरचे जेवणाचे आमंत्रण स्वीकारणे. हे प्रसंग आपल्यापर्यंत पोहोचविण्याचे श्रेय मुख्यतः अठराव्या शतकातील संतचरित्रकार महिपती यांना आहे. त्यांचा ‘भक्तविजय’ १७६२ मधील आणि ‘भक्तलीलामृत’ १७७४ मधील. म्हणजे एकनाथांच्या निर्वाणानंतर दीडशेहून अधिक वर्षे लोटल्यावरचे.

महिपतींची सांगण्याची रीत ध्यानात घेतली पाहिजे, कारण चित्रपटाने नेमका तीतच बदल केला. श्राद्धाचे अन्न अंत्यजांनी खाल्ले, म्हणून ब्राह्मणांनी जेवणास येण्याचे नाकारले. तेव्हा नाथांचे पितर स्वतः प्रकट होऊन पात्रावर बसले, असे महिपती सांगतात. राणूच्या घरच्या भोजनाच्या प्रसंगी तर एकनाथ एकाच वेळी दोन ठिकाणी दिसतात: पाळतीवर असलेल्यांना ते स्वतःच्या घरीही आढळतात आणि राणूच्या घरी पंक्तीवरही आढळतात. याचा अर्थ असा की आचारभंग घडतो आणि घडतही नाही. भक्ताचे मन राखले जाते आणि वर्णाश्रमाची चौकटही मोडत नाही. चमत्कार हा येथे नुसता अलंकार नव्हे. सामाजिक पेच सोडविण्याचे ते कथेतील मुख्य साधन आहे. जे माणसांच्या व्यवहारात सुटू शकत नव्हते ते देवाच्या हस्तक्षेपाने सुटले, अशी ही रचना आहे. चरित्रकाराला नाथांचे औदार्यही सांगावयाचे होते आणि आपल्या काळातील श्रोत्यालाही दुखवावयाचे नव्हते. या दोन निष्ठांच्या ताणातून ही दुहेरी प्रतिमा जन्मली असावी.

अमेरिकन अभ्यासक जॉन क्यून यांनी २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात एकनाथांच्या या सहभोजनकथांचा महिपतींपासून नाटक-चित्रपटांपर्यंतचा प्रवास विस्ताराने तपासला आहे. भक्ती आणि जात यांच्या नात्याचा प्रश्न अन्नाच्या कथांतूनच पुनःपुन्हा का विचारला गेला, हे त्यांच्या विवेचनातून स्पष्ट होते. एकत्र भजन करणे आणि एकत्र जेवणे यांत जातिव्यवस्थेच्या दृष्टीने महदंतर आहे. आणि कथा नेमकी या सीमेवर उभी राहते.

३

१९३५ साली ही कथा पडद्यावर आली तेव्हा तिच्या भोवतीचे जग पार बदललेले होते. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर अस्पृश्य समाजाने पाण्याचा हक्क बजावला. त्यानंतर सवर्णांनी पंचगव्य ओतून त्या तळ्याची ‘शुद्धी’ केली. १९३० पासून नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह चालू होता. १९३२ साली पुणे करार झाला, त्यानंतर महात्मा गांधींची हरिजनयात्रा झाली, आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. अशा काळात महाराच्या घरी जेवणाऱ्या ब्राह्मण संताचे चरित्र हा निव्वळ भक्तिपट राहणे शक्यच नव्हते. निर्मात्यांनाही ते तसे ठेवावयाचे नव्हते. चित्रपटाचे आरंभीचे नाव ‘महात्मा’ असे होते. त्या नावातून गांधीजींचा निर्देश होतो, अशी हरकत सेन्सॉरने घेतल्यामुळे ते बदलून ‘धर्मात्मा’ करावे लागले. नाव बदलले, पण नावामागचा हेतू लपून राहिला नाही.

के. नारायण काळे यांनी लिहिलेल्या या चित्रपटात एकनाथांची भूमिका बालगंधर्वांनी केली आणि संगीत मास्टर कृष्णराव यांचे होते. आयुष्यभर स्त्रीभूमिकांनी मराठी रंगभूमीवर राज्य केलेल्या नटसम्राटाला पुरुषवेषात, तेही विरक्त संताच्या, पाहणे प्रेक्षकांच्या अपेक्षेबाहेरचे होते. प्रभातशी झालेले त्यांचे हे सहकार्य पुढे टिकले नाही आणि ते रंगभूमीकडे परतले. व्यक्तिरेखेच्या पुनरागमनात नटाची पूर्वप्रतिमा किती आड येते, याचा हा एक बोधप्रद दाखला होय. परिचित कथा ऐकावयास आलेला प्रेक्षक परिचित नटही आपल्यासोबत घेऊन येतो. त्या दोघांचे जमले नाही तर कथेलाही तो पारखा होतो.

कथानकाच्या मांडणीत शांताराम-काळे यांनी केलेला मुख्य बदल असा की महिपतींच्या कथेतील केंद्र चमत्कारावरून निर्णयावर आले. चित्रपटातील एकनाथ अस्पृश्याला शिवतात, त्यांच्या पंक्तीला बसतात, आणि त्याचे परिणाम भोगतात. त्यांच्या विरोधात धर्मसत्तेचा प्रतिनिधी असलेला महंत उभा आहे. स्वतःचा मुलगा हरिपंडित बापाच्या विरुद्ध सनातन पक्षाला मिळालेला आहे. पिता-पुत्रांतील विरोध हा परंपरेतही आहे. प्राकृतात पुराण सांगणे आणि परान्न घेणे यांवरून हरिपंडित रुसून काशीस गेल्याची कथा प्रसिद्धच आहे. चित्रपटाने या घरगुती विरोधाला सार्वजनिक संघर्षाचे परिमाण दिले. जेथे महिपतींचा श्रोता पितर अवतरण्याची वाट पाहतो, तेथे चित्रपटाचा प्रेक्षक नायक नमेल की नाही याची वाट पाहतो. कथा तीच, परंतु उत्कंठेचे स्थान बदलले.

हा बदल किती मोठा होता हे ‘अयोध्येचा राजा’शी तुलना केली असता कळते. हरिश्चंद्राच्या आख्यानात राजाच्या अधःपाताची परिसीमा दाखविण्यासाठी त्याला डोंबाच्या घरी विकले जाते आणि स्मशानात चाकरी करावी लागते. अंत्यजाची सेवा हे तेथे दुर्दैवाचे माप आहे. आणि शेवटी देवकृपेने राजा त्या स्थितीतून वर उचलला जातो. या मापाला आख्यानात कोठेही प्रश्न विचारला जात नाही. तीनच वर्षांनी त्याच कंपनीच्या चित्रपटात अंत्यजाच्या घरी जाणे हे दुर्दैव न राहता नायकाची स्वेच्छेने केलेली निवड झाली. मराठी बोलपटाच्या अगदी आरंभकाळातील हे परिवर्तन उपेक्षणीय नाही.

४

डॉ. आंबेडकरांचा आक्षेप या पार्श्वभूमीवर पाहावयास हवा. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी तयार केलेले परंतु होऊ न शकलेले त्यांचे भाषण १९३६ साली ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या नावाने प्रसिद्ध झाले. गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये त्यावर अभिप्राय लिहिला, धर्माची परीक्षा त्याच्या हीन अनुयायांवरून न करता त्याच्या श्रेष्ठ साधुसंतांवरून करावी, असा त्यातील एक मुद्दा होता. त्याला दिलेल्या उत्तरात डॉ. आंबेडकरांनी संतांच्या कार्याचे जे परीक्षण केले, त्यातच ‘धर्मात्मा’चा उल्लेख येतो. अस्पृश्यांना शिवण्याचे व त्यांच्यासह जेवण्याचे धैर्य दाखविणारा वीर म्हणून हा चित्रपट एकनाथांना पुढे करतो. परंतु एकनाथांनी हे केले ते त्यांचा जातिभेदाला विरोध होता म्हणून नव्हे, तर झालेला विटाळ गंगास्नानाने धुऊन निघतो असे ते मानीत होते म्हणून, असा त्यांच्या विधानाचा आशय आहे. आधारादाखल त्यांनी एकनाथी भागवताच्या अठ्ठाविसाव्या अध्यायातील एका ओवीचा निर्देश केला.

हा आक्षेप साहित्याच्या अभ्यासकाने विशेष आस्थेने वाचावा असा आहे, कारण त्याची पद्धती साहित्यचिकित्सेची आहे. चित्रपटाने चरित्रातील कृतीवर भर दिला, डॉ. आंबेडकरांनी कवीच्या स्वतःच्या शब्दावर बोट ठेवले. कृती आख्यायिकेतून आलेली, शब्द ग्रंथातला. या दोहोंत विसंवाद असेल तर शब्दाचे प्रामाण्य अधिक, हा त्यांच्या युक्तिवादाचा पाया आहे आणि तो चिकित्सेच्या दृष्टीने बळकट आहे.

यावर एक प्रत्याक्षेप संभवतो. भागवताच्या त्या अध्यायाचा मुख्य प्रतिपाद्य विषय अद्वैतज्ञान हा आहे. विटाळ आणि शुद्धी यांचा निर्णय देण्यासाठी तो अध्याय लिहिलेला नाही. तेव्हा ओघात आलेल्या एका ओवीवरून कवीचे सामाजिक मत ठरविणे कितपत न्याय्य, असे कोणी विचारील. शिवाय डॉ. आंबेडकरांना संतवाणीविषयी अनास्था होती असेही म्हणता येत नाही. १९२० च्या ‘मूकनायक’च्या शिरोभागी तुकारामांचे वचन होते आणि १९२७ च्या ‘बहिष्कृत भारत’वर ज्ञानेश्वरांच्या ओव्या होत्या, अस्पृश्यांच्या उगमाविषयीचा १९४८ मधील आपला इंग्रजी ग्रंथ त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा या संतांच्या स्मृतीस अर्पण केला. संतवाङ्मयाचा हा जाणकार वाचक एका ओवीवर एवढा भार का टाकतो, हा प्रश्न म्हणूनच योग्य आहे.

त्याचे उत्तर प्रत्याक्षेपातच आहे. एखादे मत जेव्हा प्रतिपादनाचा विषय असते तेव्हा त्यावर वाद होऊ शकतो. परंतु ते जेव्हा दुसऱ्या प्रतिपादनाच्या ओघात सहज उच्चारले जाते, तेव्हा कवी आणि श्रोता या दोघांनाही ते वादातीत वाटत होते असे सिद्ध होते. अंत्यजाच्या स्पर्शाने विटाळ होतो, हे त्या ओवीत सिद्ध करावयाचे नव्हते, ते गृहीत होते. गृहीत असणे हेच आक्षेपाचे मर्म आहे. जे मूल नाथांनी वाळवंटातून उचलले त्याचा विटाळ होत नाही, असे म्हणणे वेगळे. आणि विटाळ होत असूनही करुणेपोटी तो पत्करला, असे म्हणणे वेगळे. पहिल्यात समता आहे, दुसऱ्यात दया आहे. महाडच्या तळ्याची शुद्धी पाहिलेल्या पुरुषाला या दोहोंतील अंतर पुस्तकातून शिकण्याची गरज नव्हती.

आख्यायिकेतील पाणी आणि ओवीतील पाणी यांची तुलना येथे उद्बोधक ठरेल. गाढवाला पाजलेल्या गंगाजलात पाणी हे तहानेसाठी आहे. त्याचे पावित्र्य तहानेपुढे गौण ठरते. ओवीतील पाणी मात्र शुद्धीसाठी आहे. तेथे पावित्र्य हीच त्याची सत्ता. एकाच परंपरेत, एकाच नावाभोवती ही दोन्ही पाणी वाहात आली आहेत. चित्रपटाने पहिल्याचा प्रवाह निवडला, डॉ. आंबेडकरांनी दुसऱ्याची आठवण करून दिली. चित्रपटकाराला निवड करण्याचा अधिकार निःसंशय आहे; परंतु निवडलेल्या अर्ध्यालाच संपूर्ण एकनाथ म्हणून सादर केले गेले, तर चिकित्सकाला उरलेले अर्धे पुढे आणावेच लागते.

५

त्याच उत्तरात डॉ. आंबेडकरांनी मांडलेला आणखी एक विचार चित्रपटसमीक्षेला थेट कसोटी पुरवितो. माणसे देवाच्या दृष्टीने समान आहेत असे संतांनी सांगितले, माणसामाणसांत समानता आहे असे नव्हे. आणि लोकांना तर असे शिकविले गेले की संताने जात मोडली तरी चालेल, सामान्याने मोडू नये. परिणामी संत हा अनुकरणाचा विषय न होता केवळ आदराचा विषय राहिला. वंदनीय आणि अनुकरणीय यांतील हा भेद संतपटांना लावून पाहिला असता त्यांची निराळीच प्रतवारी हाती येते.

‘धर्मात्मा’तील एकनाथ या कसोटीवर कोठे बसतात? चमत्काराचा भार कमी करून मानवी निर्णयाला स्थान दिल्यामुळे तो चित्रपट अनुकरणीयतेच्या दिशेने एक पाऊल टाकतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्याचे नाट्य दुष्ट महंताच्या भोवती बांधलेले आहे. अन्यायाचे सारे ओझे एका खलपुरुषाच्या शिरावर दिले की प्रेक्षक मोकळा होतो. आपल्या घरातील वेगळा ठेवलेला पेला, आपल्या गावातील वेगळा पाणवठा यांच्याशी महंताचा काही संबंध आहे असे त्याला वाटत नाही. तो महंताचा धिक्कार करतो, एकनाथांना मनोमन नमस्कार करतो आणि घरी जाऊन नेहमीप्रमाणे जेवतो. ज्याच्या घरी नायक जेवतो त्या राणूचे काय, हा प्रश्न तर याहून अवघड आहे. कथेत तो आमंत्रण देतो आणि कृतार्थ होतो. कृतार्थतेपलीकडे त्याला काही बोलावयाचे असेल, याची कल्पना महिपतींच्या आख्यानात नाही. सहभोजनाची कथा पाहुण्याच्या धैर्याची कथा म्हणून सांगितली गेली. यजमानाच्या अनुभवाची म्हणून नाही.

पुढच्याच वर्षी, १९३६ साली, दामले आणि फत्तेलाल यांनी काढलेला ‘संत तुकाराम’ वरवर पाहता याच्या उलट्या वाटेने जातो. शिवराम वाशीकर यांच्या पटकथेत चमत्कार वगळलेले नाहीत. वाढत जाणारी धान्याची रास आहे, नदीतून परत येणारी गाथा आहे, आणि अखेरीस वैकुंठाला नेणारे गरुडविमानही आहे. विष्णुपंत पागनीस यांच्या मुद्रेतच पुढे अनेकांना तुकाराम दिसू लागले. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला. सुधारणेचा उच्चार त्यात ‘धर्मात्मा’इतका उघड नाही, आणि सालोमालोच्या रूपाने खलपुरुषही आहेच. तरीही वंदनीयतेच्या भिंतीला त्याने एक खिंडार पाडले आहे. ते आवलीच्या रूपाने. गौरी यांनी उभी केलेली ही बाई संतत्वाला शरण जात नाही. लेकराच्या दुखण्यासाठी ती थेट विठोबाला जाब विचारते. आणि शेवटी नवरा वैकुंठाला चल म्हणत असता ती पोरांच्या नि म्हशीच्या काळजीने मागे राहते. प्रेक्षक पागनीसांच्या तुकारामाला नमस्कार करतो, पण आवलीशेजारी उभा राहून. संताच्या विमानाकडे खालून पाहणाऱ्या माणसाची जागा चित्रपटाने चित्रपटातच निर्माण केली. गीता कपूर यांच्यासारख्या समीक्षकांना या चित्रपटाविषयी पुनःपुन्हा लिहावेसे वाटले, त्यामागे श्रद्धा आणि वास्तव यांची ही विलक्षण जुळणी आहे.

त्याच दिग्दर्शकद्वयाच्या १९४० मधील ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये पैठण पुन्हा पडद्यावर आले, संन्याशाच्या मुलांना शुद्धिपत्र नाकारणारी ब्रह्मसभा आणि वेद बोलणारा रेडा या रूपाने. येथे बहिष्कृत हा स्वतः नायक आहे, आणि म्हणून बहिष्काराची वेदना आतून येते. परंतु तो बहिष्कार ज्ञानाच्या अलौकिकतेने संपतो. ज्याच्यापाशी रेड्याकरवी वेद बोलविण्याचे सामर्थ्य नाही अशा बहिष्कृताने काय करावे, याचे उत्तर आख्यानात नाही आणि चित्रपटातही नाही.

२०१२ मधील ‘तुकाराम’ हा चित्रपट या मालिकेत एका निराळ्या कारणासाठी लक्षणीय ठरतो. त्याचे दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी, लेखक अजित दळवी व प्रशांत दळवी ही मंडळी याच शहराच्या नाट्यचळवळीतून पुढे आलेली. जितेंद्र जोशी यांनी साकारलेला हा तुकाराम जन्मजात संत नाही. त्याचे बालपण, वडिलोपार्जित सावकारी, दुष्काळ, पहिल्या पत्नीचा मृत्यू या साऱ्यांतून तो घडत जातो. पागनीसांचा तुकाराम पहिल्या दृश्यापासून तुकाराम आहे. जोशींच्या तुकारामाला तुकाराम व्हावे लागते. कर्जखतांतील आपला वाटा इंद्रायणीत सोडून देण्याचा तुकारामचरित्रातील प्रसंग या प्रकाशात वाचला की त्याचे मोल कळते. त्याला विमानाची गरज नाही, पितरांच्या साक्षात्काराची नाही. ज्याच्यापाशी दुसऱ्याचे कर्जखत आहे असा कोणताही माणूस ते करू शकतो. अनुकरणीय कृती ती हीच. अर्थात घडणीवर भर देणाऱ्या या दृष्टीलाही किंमत मोजावी लागते. १९३६ च्या चित्रपटातील श्रद्धेची निरागस एकतानता येथे येऊ शकत नाही, आणि अभंगातील उत्कट प्रत्यय मानसशास्त्रीय कारणपरंपरेत पूर्णपणे मावतोच असे नाही.

६

या विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की संतचरित्राचे प्रत्येक चित्रपटरूप हे चरित्राचे पुनर्लेखन असते, आणि त्या पुनर्लेखनाचा इतिहास महिपतींपासूनच सुरू होतो. महिपतींनी नाथांना दोन ठिकाणी एकाच वेळी दाखवून आपल्या काळाचा पेच सोडविला. शांताराम यांनी दुसरे ठिकाण पुसून आपल्या काळाची बाजू घेतली. मूळ कथेशी प्रतारणा म्हणून दुसऱ्याला दोष देणे आणि पहिल्याला परंपरा म्हणून वंदन करणे न्यायाला धरून होणार नाही.

दुसरा निष्कर्ष असा की डॉ. आंबेडकरांचा आक्षेप ‘धर्मात्मा’चे महत्त्व कमी करीत नाही; उलट तो चित्रपट गंभीरपणे घेतल्याचे ते चिन्ह आहे. करमणुकीचा बोलपट म्हणून ज्याची उपेक्षा सहज झाली असती, त्याला धर्म आणि जात यांविषयीच्या वादात पुराव्याच्या जागी उभे केले गेले. मराठी चित्रपटाला मिळालेला हा एक दुर्मिळ मान आहे, आणि एक न फिटलेले देणेही. कारण त्या आक्षेपाला चित्रपटाच्या भाषेत उत्तर अद्याप पुरतेपणी दिले गेलेले नाही.

ते उत्तर कोठून येऊ शकेल, याचे सूचन मात्र एकनाथांच्याच वाङ्मयात आहे. त्यांच्या भारुडांत कवी स्वतः महाराची भूमिका घेऊन बोलतो. गावाच्या वेशीवरून जोहार घालणारा तो आवाज वर बसलेल्यांना परमार्थ शिकवितो. एलिनॉर झेलियट यांनी या भारुडांचा अभ्यास करून त्यांतील महार हा किती जिवंत व जाणता आहे, याकडे लक्ष वेधले आहे. भागवतातील ओवी विटाळ गृहीत धरते आणि भारुड त्याच अंत्यजाच्या तोंडी उपदेश घालते, हा विसंवाद एकाच कवीच्या अंतरंगातला आहे. हा विसंवाद झाकल्याने नाथ मोठे होत नाहीत. तो दाखविला तर सोळाव्या शतकातील एक ब्राह्मण कवी आपल्या काळाच्या भिंतीला कोठपर्यंत भिडला आणि कोठे थांबला, हे स्पष्ट दिसेल. अर्थात भारुडातील महाराचा आवाजही दुसऱ्याने उसना घेतलेला आहे, हे विसरून चालणार नाही. चोखामेळ्याच्या अभंगांत तो आवाज स्वतःचा आहे. आणि पहिल्या भोजनाची कथा राणूच्या उंबरठ्याच्या आतून सांगावयाची झाल्यास त्या अभंगांचीच साक्ष काढावी लागेल.

२०२५ साली ‘संत ज्ञानेश्वरांची मुक्ताई’ हा दिग्पाल लांजेकर यांचा चित्रपट आला. संतपटांची लाट पुन्हा उसळत असल्याचे त्यावरून दिसते. अशा वेळी प्रत्येक नव्या पुनरागमनाला एकच प्रश्न विचारणे पुरेसे आहे: हा संत प्रेक्षकाला हात जोडावयास लावतो, की हाताने काही करावयास? दरवर्षी फाल्गुन वद्य षष्ठीला नाथांच्या समाधीपुढे लाखो हात जोडले जातात, त्यांत उणे काहीच नाही. परंतु वाळवंटातले मूल उचलण्यासाठी जोडलेले हात सोडावेच लागतात. आणि ते उचलल्यानंतर स्नानाची आवश्यकता कोणाला वाटते, हे पाहण्याचे काम चित्रपटाचे आणि चित्रपटाच्या समीक्षेचेही आहे.